अकरा नंबरचे घर

उंबरटेक, गुंजवण्याच्या वर
बुधवार, २० ऑक्टोबर १९३७

प्रिय कुंदा,

पत्राच्या माथ्यावर भोरऐवजी उंबरटेक वाचून तू दचकशील. रविवारपासून मी इथे आहे आणि ठकुबाईच्या घरी राहतो आहे. प्रकृती अजून ठीक आहे. तुझ्या आईला मी एवढेच कळवले की काम लांबले. तिने उलट निरोप धाडला, 'काम लांबले की जीभ लांबली, ते आधी सांगा.' तिला घरी बसून सगळे कळते. तुला मात्र मी काहीही लपवणार नाही, फक्त माझ्या क्रमाने सांगू दे. चारचारशे माणसांसमोर न अडखळता बोलणारा मी, एका मुलीला पत्र लिहिताना तिसऱ्यांदा कागद बदलतो आहे.

तू श्रावणात पहिल्यांदा इथे आलीस तो दिवस मला सारखा आठवतो. उजाडता उजाडता आपण घराघरांत शिरत होतो. तुझ्या हातात काचेच्या नळ्या, कापसाचे बोळे आणि बॅटरी. माझ्या हातात गेरूची वाटी, कारण दारांवर आकडे घालायचे काम तू मला दिले होतेस. तू भिंतीकडे टक लावून उभी राहायचीस आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, 'मास्तरांनी लेकीला येवढं शिकिवलं, आन् ती डासं येचाया लागली. हिचं लगीन कसं व्हायाचं?' तू नळीच्या तोंडावर बोट धरूनच म्हणालीस, 'आजी, डास सापडला की नवराही सापडेल.' त्या दिवसापासून तू या गावाची डासवाली ताई झालीस. शेपूट वर करून भिंतीला तिरपा चिकटणारा तो हिवतापाचा डास तू मला ओळखायला शिकवलेस. त्याच्या पोटातला लाल ठिपका दाखवून म्हणालीस, 'नाना, हे रक्त माणसाचं की जनावराचं, एवढाच माझा प्रश्न आहे.' मी हसलो होतो. एम.एस्सी.साठी एवढासाच प्रश्न? तुझ्या वयात मी साम्राज्याला जाब विचारत होतो. तो हसलेला मी आता मला आवडत नाही.

गेल्या वर्षीच्या चैत्रात भैरोबाच्या उत्सवाला मी इथे बोललो, तेव्हा तू परीक्षेसाठी पुण्यात होतीस. त्या भाषणाबद्दल तू वर्तमानपत्रात वाचलेस, पण ते ऐकलेले नाहीस. या डोंगरातली घरे तुला आता पाठ आहेत. पुढे गोठा, मागे चूल, वर एकच छप्पर. चार महिने पाऊस कोसळतो तेव्हा बैल, म्हैस, माणूस आणि लेकरू एकमेकांच्या उबेने राहतात. मी आरोग्यावरची डझनभर इंग्रजी पुस्तके वाचलेला माणूस. मला त्या घरात फक्त शेण दिसले. मी म्हणालो, जनावरांच्या मुतात निजणाऱ्यांनी स्वराज्य मागू नये. मी म्हणालो, तुमच्या लेकरांच्या अंगाला येणारा वास हा तुमच्या गुलामीचा वास आहे. कुंदा, माणसे रडली. मानसिंग पाटील, जे कोणापुढे मान वाकवत नाहीत, ते मान खाली घालून बसले. आणि मला ते पुरले नाही. टाळ्या वाऱ्यावर जातात, हे मला अनुभवाने ठाऊक होते. देवळाबाहेर उभा राहून आयुष्यभर देवळाची थट्टा करणारा मी त्या दिवशी देवळात शिरलो. परडीतला शपथेचा बेल आणि भंडारा सर्वांत आधी मी उचलला आणि म्हणालो, जनावर उंबऱ्याच्या आत घेणार नाही. माझ्यामागून पस्तीस घरांच्या कर्त्यांनी उचलला. ठकुबाईला कर्ता पुरुष नाही, म्हणून तिने स्वतः उचलला.

त्यावर मी आणखी एक वाक्य बोललो. उद्या कोणी शहाणा येऊन उलटे सांगेल, तर ऐकू नका. अगदी मी स्वतः येऊन उलटे सांगितले, तरी ऐकू नका.

घरी येऊन मी तुझ्या आईला ते वाक्य ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'छान आहे. पण असं बोलू नये माणसानं. परत फिरायला जागा ठेवावी.'

पंधरा दिवसांत उंबरटेकाने गावाच्या वरच्या माळावर एक लांबलचक सामायिक गोठा उभा केला आणि सगळी दावी तिकडे नेली. पल्याडच्या वाडीने ऐकले नाही, तेव्हा मी त्यांना जाहीरपणे नावे ठेवली. त्याच आश्विनात इथे ताप वाढला. आम्ही पावसाला दोष दिला. यंदा भाद्रपदापासूनच घराघरांत हीव भरायला लागले. एकाआड एक दिवस गोधड्या थरथरतात, कोयनेलच्या गोळ्या पुरत नाहीत, आणि तू चाचपून पाहिलेल्या पोरांतल्या बहुतेकांची पानथरी, तुझ्या भाषेत प्लीहा, वाढलेली. सात जण गेले, त्यांत पाच लेकरे. चिमाजीचे दोन्ही नातू एका आठवड्यात गेले. पल्याडच्या वाडीत, तोच ओढा, तीच भातखाचरे, एकही नाही.

तुझी वही मी भाद्रपदाच्या शेवटी वाचली. तू ती सुवाच्य नक्कल करायला माझ्याकडे ठेवून गेलीस, कारण माझे अक्षर चांगले आणि तुझे कोंबडीचे. पल्याडच्या वाडीतल्या शंभर डासांच्या पोटांत चौऱ्याण्णवांत जनावराचे रक्त. उंबरटेकातल्या शंभरांत अठ्ठावन्नांत माणसाचे. नक्कल करताना अठ्ठावन्नावर माझा टाक थांबला. शाईचा डाग पडला आहे, तो तुला दिसेल. ओढ्यावरून उठणाऱ्या डासाला वाटेत आधी जनावर भेटत होते. ते मी वाटेतून दूर केले. तू तसे कुठेही लिहिले नाहीस. गुरे बाहेर नेण्याचे कारण, या रकान्यात तू रेघ मारलीस. बापावर माया म्हणून रेघ मारलीस, हे मला कळले, आणि त्या रेघेने जेवढे लागले तेवढे कोणाच्या शिवीनेही लागले नसते.

आणि मग अकरा नंबरचे घर. माणसे दोन, म्हातारी आणि चार वर्षांची नात. ताप कोणालाही नाही. नातीची पानथरी हाताला लागत नाही. भिंतीवर डास पुष्कळ, पण तपासलेल्या बाविसांपैकी एकविसांत जनावराचे रक्त. शेवटच्या रकान्यात तू बारीक अक्षरात लिहिलेस की आतल्या खोलीत वासरू असते, गावाला ठाऊक नाही, मी शब्द दिला आहे. खाली आणखी एक ओळ होती. एका घरावरून काही सिद्ध होत नाही. नावे तू वहीत ठेवली नव्हतीस, पण दारांवर आकडे मीच घातले होते ना. ठकुबाईची गाय माळावरच्या गोठ्यातून वाघाने नेली, हेही मला ठाऊक होते. मागे राहिलेले वासरू, बुधवारी जन्मलेले म्हणून बुधी, तिने हाताने दूध पाजून जगवले. ते माळावर टिकले नसते. एवढ्यासाठी एका बाईने देवाची शपथ मोडली आणि दोन पावसाळे आपल्या चुलीमागे ते झाकून ठेवले.

मी ती वही वाचून दोन आठवडे भोरला नुसता फिरत राहिलो. मग रविवारी इथे आलो. गाव देवळापुढे जमले, कारण मी येणार म्हटले की जमतेच. वर्षभरात माझ्या शब्दाने सात माणसे गेली, आणि माझ्यासाठी घोंगडी अंथरून ठेवली होती. मी सांगितले की माझे चुकले. डास सांगितला, रक्त सांगितले, आकडे सांगितले. म्हणालो, आजच्या आज गुरे घरात आणा. कोणी हलले नाही. मानसिंग पाटील जरा हसून म्हणाले, 'मास्तर, तुमी आमची परीक्षा बघताय व्हय? आमी इसरलो न्हाई. तुमीच बोलला व्हता, म्या सांगितलं तरी ऐकू नगा.' आणि गाव समाधानाने हसले. आपण परीक्षेत उतरलो, असे ते हसणे होते.

मी विनवले. मग चिमाजी उठला. त्याचा आवाज अगदी शांत होता. 'शपथ वाईट न्हाई, मास्तर. शपथ कुनीतरी मोडलीया. त्याबिगर भैरोबा लेकरं न्यायचा न्हाई. ज्यानं मोडली त्याला हुडकतोय आमी.' माना हलल्या. हे शोधणे कधीपासून चालले होते ते मला ठाऊक नव्हते. कोणाच्या दारात शेण दिसते, कोणाच्या अंगाला गोठ्याचा वास येतो, हे ते महिनाभर हुंगत होते. लेकरांच्या अंगाचा वास मीच त्यांना हुंगायला शिकवला होता.

तिथे मी थांबायला हवे होते. कुंदा, तू मला ओळखतेस. समोरची माणसे पटत नाहीत असे दिसले की माझ्या अंगात काय संचारते ते तू लहानपणापासून पाहिले आहेस. मला दाखला हवा होता. डोळ्यांना दिसेल, हाताने चाचपता येईल असा दाखला माझ्याजवळ होता, आणि मी तो काढला. हात लांब करून मी म्हणालो की त्या अकरा नंबरच्या घरात बघा, ठकुबाईच्या घरात वासरू आहे, दोन पावसाळे आहे, म्हणून तिथे ताप नाही, तिची नात बघा आणि तुमची पोरे बघा.

ठकुबाई पायरीजवळ नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. नातीचे डोके पदराखाली घेतले आणि घराकडे चालू लागली. मागून कोणीतरी बाई म्हणाली, 'मंग बरुबर हाय. आमची पोरं कुडकुडत्यात आन् हिची हुंदडती.' चिमाजी एवढेच म्हणाला, 'वासराचं नाव कशाला घ्यायचं. हिनं आपल्या घरचं मरान आमच्या घरावर ढकाललं.'

त्याच संध्याकाळी बुधीला घरातून काढून देवळाच्या खांबाला बांधले. शनिवारी सकाळी कौल लावायचा ठरले आहे. देवाच्या अंगाला भिजवलेले तांदूळ चिकटवतात. उजवीकडचे आधी पडले तर बाईने चुकून केले, डावीकडचे पडले तर जाणून केले. जाणून केले ठरले तर घराचे छप्पर उतरवून तिला वेशीबाहेर घालवायचे, असे पाटील सांगतात. पाटील वाईट माणूस नाही. पण सगळे गाव तेवढ्यावर थांबेल का, असे मी विचारले तेव्हा ते तपकीर ओढत राहिले.

म्हणून मी इथे मुक्काम केला. ठकुबाई मला घालवत नाही आणि बोलवतही नाही. पहिल्या दिवशी भाकरी पुढे ठेवून म्हणाली, 'खावा. पाव्हन्याला उपाशी ठेवायची शपथ न्हाई घेतली म्या.' त्यानंतर तीन दिवसांत ती माझ्याशी चारपाच वाक्येच बोलली. पाणवठ्यावर तिला घागर बुडवू देत नाहीत, म्हणून पाणी मी ओढ्यावरून आणतो. वाटेत माणसे मला हात जोडतात. माझ्यावर कोणाचाही राग नाही. काल दुपारी घरामागे कोणीतरी चटकन पेट घेणाऱ्या वाळल्या कारवीचे चार भारे आणून रचले. कशाला, असे मी विचारले, तर आणणारा अदबीने म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या मास्तर, लागतील.' आणि आज सकाळी गावातून येताना मी पाहिले की दारांवरचे गेरूचे आकडे सगळ्यांनी पुसून टाकले आहेत. पस्तीस दारे स्वच्छ. अकरा तेवढा शाबूत आहे. त्यावर कोणीतरी पुन्हा गेरू फिरवून तो ठळक केला आहे.

सखूला, म्हणजे तिच्या नातीला, तू ठेवून गेलीस त्या मच्छरदाणीत निजवतो. ती एकच आहे. ठकुबाई आणि मी बाहेर. सखू रोज देवळाकडे तोंड करून बुधीला हाक मारते, आणि ते वासरू तिकडून ओरडते. ते गावभर ऐकू जाते.

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. आज सकाळी ठकुबाईने प्रथमच मला आपण होऊन विचारले, 'ताईंनी सांगितलं व्हय तुमास्नी?' म्हणजे तिला वाटते की तू शब्द मोडलास. मी म्हणालो, ताईने सांगितले नाही, मी तिची वही चोरून वाचली. नक्कल करायला दिलेली वही चोरून कशी वाचता येईल, पण मला दुसरा शब्द सापडला नाही. ती म्हणाली, 'मंग ठीक हाय,' आणि पुन्हा चुलीकडे वळली. तिला एवढेच हवे होते. त्यानंतर मी ठरवले. शनिवारी कौल लावण्याआधी मी बेलभंडारा पुन्हा उचलणार आहे आणि देवासमोर सांगणार आहे की वासरू घरात बांध असा हुकूम ठकुबाईला मी दिला होता, तिची इच्छा नव्हती, शपथ मोडली ती मी. रविवारी का बोलला नाहीत असे विचारतील. भ्यालो म्हणेन. तेवढे तरी खरे असेल. त्यांचा विश्वास बसेल, कारण मी आजवर त्यांच्याशी खोटे बोललो नाही, चुकीचेच बोललो. पण पाटलांनी आधीच म्हटले आहे की डासवाल्या ताईंना बोलवा, त्या घराघरात फिरल्या, त्यांनी कोणाचे काही कोणाला सांगितले नाही, त्या म्हणतील ते गाव मानील. उद्या गावातला कुंडलिक मीठ आणायला बैल घेऊन नसरापूरला जातो. पाटलांचे बोलावणे आणि हे पत्र तोच डाकेत टाकील. शुक्रवारी दोन्ही तुझ्या हातात असतील, आणि शनिवारी तू देवळापुढे उभी असशील. येऊ नको असे म्हणायचा अधिकार मी गमावला आहे. त्या वेळी तुला विचारतील की मास्तर म्हणतात ते खरे का. तू हो म्हण. जन्मभर तुला खरे बोलायला शिकवणारा बाप हे मागतो आहे. विद्यापीठात तू सगळे खरे लिही. रेघ मारलेल्या रकान्यात माझे नाव घाल, पूर्ण नाव, आणि भाषणाची तारीख घाल. पण या गावात माझे एवढे खोटे सांभाळ. त्या कारवीच्या भाऱ्यांवर कोणाचे छप्पर ठेवायचे, हे तुझ्या एका शब्दावर आहे, आणि माझ्या घराचे छप्पर कौलारू आहे, तिचे गवताचे.

सोबत टीपकागद आहे. तू करायचीस तसेच आज पहाटे या घराच्या भिंतीवरचे डास नळीत धरले आणि एकेक कागदावर चिरडून खाली आकडा घातला. एकोणीस डाग आहेत. वासरू जाऊन तीन दिवस झाले. तपासून घे. मला उत्तर ठाऊक आहे, पण ते तुझ्या वहीत यायला हवे. त्यांतले काही रक्त माझे असेल, उरलेले ठकुबाईचे.

तुझेच,
नाना